स्वस्तातल्या गुन्हेपटांची नोंद व्हावी: ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला खुले पत्र

प्रति,
संग्रहप्रमुख आणि अभिरक्षक,
राष्ट्रीय चित्रसंग्रह, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, लंडन

विषय: १९२८ ते १९३८ या काळातील अल्पखर्ची ब्रिटिश गुन्हेपटांची नोंद, शोध आणि उपलब्धता

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेची स्थापना १९३३ साली झाली. त्याच वर्षी लंडनच्या पश्चिमेला, सेंट मार्गारेट्स भागातील ट्विकनहॅम स्टुडिओमध्ये 'द घोस्ट कॅमेरा' नावाचा तासाभराहून थोडा मोठा गुन्हेपट तयार झाला. या पत्रात मला त्या चित्रपटाबद्दल बोलायचे आहे, आणि तेवढ्याच घाईत, तेवढ्याच तुटपुंज्या पैशांत बनलेल्या, पण आज कोणाच्याही स्मरणात नसलेल्या त्याच्या शेकडो समकालीनांबद्दलही बोलायचे आहे. मी पुण्यात राहणारा मराठी प्रेक्षक आहे. ब्रिटिश बोलपटांच्या पहिल्या दहा वर्षांतील गुन्हेपट मी अनेक वर्षे मिळेल तिथून, मिळेल त्या अवस्थेतील प्रतीवर पाहत आलो आहे. त्या पाहण्यातून माझे एक मत तयार झाले आहे: जतन कशाचे करायचे आणि शोध कशाचा घ्यायचा हे ठरवताना पुढे प्रसिद्ध झालेल्या नावांना जे झुकते माप मिळते, त्याने या चित्रपटांवर फार मोठा अन्याय होतो. तो दूर करणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

'द घोस्ट कॅमेरा'ची गोष्ट साधी आहे. जॉन ग्रे नावाचा एक भिडस्त, पुस्तकी बोलणारा रसायनतज्ज्ञ सुट्टीवरून घरी परततो, तेव्हा त्याच्या सामानात भलत्याच कोणाचा तरी कॅमेरा निघतो. मालक कोण हे कळावे म्हणून तो आतली छायाचित्रे धुतो, तर त्यांपैकी एकात चक्क खून होताना दिसतो; आणि ते छायाचित्र नीट तपासून पाहण्याआधीच चोरीला जाते. उरलेल्या छायाचित्रांतील दारात उभी असलेली मुलगी, एखादा रस्ता, एखादे पडके बांधकाम एवढ्याच धाग्यांवर तो शोध सुरू करतो. ती मुलगी सापडते. तिचा भाऊ बेपत्ता आहे, आणि पुढे संशयाची सुई त्याच्यावरच येऊन थांबते. छायाचित्र हाच पुरावा, छायाचित्र हाच नकाशा आणि छायाचित्र हाच गुन्ह्याचा एकमेव साक्षीदार, ही कल्पना बोलपटाच्या त्या बाल्यावस्थेत किती ताजी होती हे आज पाहतानाही जाणवते. त्या काळातील कितीतरी बोलपट नाटकाच्या रंगमंचासारखे एका जागी खिळलेले असताना हा चित्रपट प्रेक्षकाला डार्करूममध्ये नेतो, रस्त्यावर नेतो, आणि एका स्थिर चित्रात टक लावून बघायला शिकवतो.

मूळ कथा जे. जेफरसन फार्जन यांची होती आणि दिग्दर्शन बर्नार्ड व्होरहाउस यांचे. व्होरहाउस न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले अमेरिकन होते. ते इंग्लंडमध्ये आले, काही वर्षे अशाच कमी खर्चाच्या चित्रपटांवर हात बसवला, पुढे हॉलिवूडला गेले, तिथे साम्यवादविरोधी चौकशांच्या काळात काळ्या यादीत गेले आणि अखेरीस पुन्हा लंडनला येऊन राहिले. रसायनतज्ज्ञाची भूमिका हेन्री केंडल यांनी केली, भावाची जॉन मिल्स यांनी. मुलीची भूमिका करणारी आयडा ल्युपिनो त्या वेळी अवघी १५ वर्षांची होती. हीच ल्युपिनो पुढे अमेरिकेत दिग्दर्शिका झाली आणि १९५३ साली 'द हिच-हायकर'सारखा कडक गुन्हेपट तिने दिग्दर्शित केला. संकलन डेव्हिड लीन या तरुणाचे होते, जो पुढे जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाला. लीन वृत्तपटांच्या संकलनातून आलेले होते, आणि पुढे आपल्यावर कोणाचा प्रभाव पडला हे सांगताना त्यांनी व्होरहाउस यांचे नाव आवर्जून घेतले.

या नावांमुळेच 'द घोस्ट कॅमेरा' आज निदान चर्चेत तरी येतो, आणि माझी खरी चिंता नेमकी इथेच आहे. समजा, संकलनाच्या टेबलाशी लीन नसते, दारात उभी असलेली मुलगी ल्युपिनो नसती, तर हा चित्रपट जसा आहे तसाच, त्याच फ्रेम्सनी बनलेला असता. कल्पना तीच असती, डार्करूममधला तो ताण तोच असता. मात्र त्याची आठवण कोणी काढली असती असे मला वाटत नाही. म्हणजे चित्रपटाचे मोल त्याच्यात काय आहे यावर ठरत नाही, त्यातील माणसांचे पुढे काय झाले यावर ठरते. इतिहास लिहिण्याची ही रीत सदोष आहे, आणि संग्रहालयाने तरी ती पाळू नये.

हे चित्रपट कसे जन्माला आले हे आपणास सांगायला नको. पण हे पत्र मराठी वाचकही वाचणार आहेत, त्यामुळे थोडक्यात मांडतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील पडदे अमेरिकन चित्रपटांनी व्यापले. त्यावर उपाय म्हणून १९२७ साली सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्ट संमत झाला आणि १ एप्रिल १९२८ पासून अमलात आला. वितरकांनी आपल्या एकूण मालापैकी सुरुवातीला साडेसात टक्के आणि चित्रपटगृहांनी पाच टक्के ब्रिटिश चित्रपट घेतलेच पाहिजेत, आणि हे प्रमाण वाढत वाढत २० टक्क्यांपर्यंत जावे, अशी ती योजना होती. ब्रिटिश म्हणजे काय याची व्याख्याही कायद्याने केली: कंपनी ब्रिटिश हवी, चित्रण साम्राज्यात झालेले हवे, पटकथालेखक ब्रिटिश हवा, आणि मोबदल्याचा मोठा वाटा ब्रिटिश प्रजाजनांना मिळायला हवा. एक गोष्ट मात्र कायद्यात नव्हती, ती म्हणजे किमान खर्चाची अट. मोजमाप फिल्मच्या लांबीने, फुटांत होते.

मग जे व्हायचे ते झाले. अमेरिकन कंपन्यांच्या लंडनमधील शाखांना आपले चित्रपट विकण्यासाठी ठरावीक फूट ब्रिटिश फिल्म दाखवणे भाग होते, आणि ती शक्य तितक्या स्वस्तात मिळवणे त्यांच्या सोयीचे होते. निर्मात्याला फुटाला एक पौंड या हिशेबाने पैसे मिळू लागले. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, त्यामुळे सहा हजार पौंडांत सहा हजार फूट, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांचा चित्रपट बनवायचा, आणि त्यातूनच स्वतःचा नफाही काढायचा. 'द घोस्ट कॅमेरा'ची लांबी जवळपास तेवढीच आहे, हा योगायोग नव्हे. चित्रण दोन आठवड्यांत, कधी त्याहूनही कमी दिवसांत उरकावे लागे. ट्विकनहॅममध्ये निर्माते ज्युलियस हेगन यांनी तर स्टुडिओ दिवसरात्र चालवला. एक चित्रपट दिवसपाळीत आणि दुसरा त्याच सेट्सवर रात्रपाळीत. अशा चित्रपटांना 'कोटा क्विकी', म्हणजे कोट्यापुरता झटपट उरकलेला चित्रपट, हे हिणवणारे नाव पडले आणि ते आजतागायत चिकटून आहे.

गुन्हेपट या पद्धतीत फार फोफावले, आणि त्याची कारणे अगदी व्यवहारी होती. गुन्ह्याच्या गोष्टीला ऐतिहासिक पोशाख लागत नाहीत, मोठा जमाव लागत नाही. एक दिवाणखाना, एक जिना, एक पोलीस ठाणे आणि भरपूर अंधार एवढ्यावर ती उभी राहते. अंधाराला सेट लागत नाही. शिवाय तो काळच इंग्रजी रहस्यकथेच्या भरभराटीचा होता. कादंबऱ्या आणि रंगभूमीवरील थरारनाट्ये हाताशी तयार होती. एडगर वॉलेस यांच्यासारखा लोकप्रिय लेखक तर ब्रिटिश लायन या चित्रपट कंपनीचा अध्यक्षच झाला होता. ट्विकनहॅममधून आर्थर वॉन्टनर यांचे शेरलॉक होम्स आले, ऑस्टिन ट्रेव्हर यांचे हर्क्यूल प्वारो, म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांच्या कथांतील गुप्तहेर, आले. पडद्यावरचे पहिले बोलते प्वारो याच स्टुडिओतून बाहेर पडले हे सांगितले, तर आमच्याकडच्या रहस्यकथाप्रेमी वाचकांना आश्चर्य वाटते. आणि ट्रेव्हर यांच्या तिन्ही प्वारोपटांपैकी आज सहज बघायला मिळतो तो १९३४ चा 'लॉर्ड एजवेअर डाइज' हा एकच, हे ऐकल्यावर वाईटही वाटते.

या चित्रपटांवर तेव्हापासून टीका होत आली आहे आणि तिच्यातील बरीचशी खरी आहे. यातील कितीतरी चित्रपट कंटाळवाणे आहेत. संवाद लांबतात, कॅमेरा हलत नाही, नट एखादे वाक्य विसरता विसरता सावरतो आणि तरीही ते दृश्य तसेच ठेवलेले दिसते. काही चित्रपटगृहांत हे चित्रपट सकाळी, झाडलोट करणाऱ्या बायकांखेरीज कोणी नसताना, केवळ कायद्याची पूर्तता म्हणून चालवले जात, ही कथा तर प्रत्येक पुस्तकात येते. १९३६ साली लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या निकृष्टतेची दखल घेतली, आणि १९३८ च्या नव्या कायद्याने किमान मजुरीखर्चाची अट घालून स्वस्त चित्रपटांची ही पद्धत बंद पाडली. हेगन यांची कंपनी त्याआधीच, १९३७ मध्ये, बुडाली होती.

पण टीका खरी आहे म्हणून ती पुरेशी आहे असे होत नाही. झाडलोटीच्या त्या कथेमुळे एक गोष्ट झाकली जाते: हे चित्रपट दुय्यम चित्रपट म्हणून जोडीने दाखवले जात, आणि कारखान्यांच्या गावांतील, उपनगरांतील प्रेक्षक ते नियमित पाहत. त्यांत ऐकू येणारी बोली, चहाच्या दुकानातील वागणे, मोलकरणीशी बोलण्याचा सूर, साध्या पोलीस शिपायाविषयीचा विश्वास किंवा अविश्वास, या गोष्टी त्या काळच्या श्रीमंती चित्रपटांत इतक्या सहजपणे येत नाहीत. पैसे नाहीत म्हणून दिग्दर्शक खऱ्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन गेला, आणि त्यामुळे १९३२ किंवा १९३४ चा तो रस्ता, त्यावरच्या पाट्या, बसगाड्या, दुकानांच्या काचा आज आपल्याकडे आहेत. पुढे बॉम्बवर्षावात लंडनचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला हे लक्षात घेतले, तर पार्श्वभूमीला सहज टिपल्या गेलेल्या या दृश्यांचे मोल मी वेगळे सांगायची गरज नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला एका गाजलेल्या चित्रपटापेक्षा असे पन्नास सामान्य चित्रपट एकत्र पाहायला मिळाले, तर अधिक कळते. गाजलेला चित्रपट अपवाद असतो; काळाची नेहमीची सवय सामान्य चित्रपटांतून दिसते.

हे पन्नास एकत्र पाहायला मिळणे मात्र आज कठीण आहे. त्या काळी वापरली जाणारी नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, पेट घेते; वितरणाचा करार संपला की प्रती नष्ट केल्या जात किंवा त्यातील चांदी काढून घेतली जाई. कंपन्या बुडाल्या, हक्क हातोहात फिरले. ब्रिटनमध्ये पुस्तकांप्रमाणे चित्रपटाची प्रत जमा करण्याची कायदेशीर सक्ती कधीच नव्हती. आपल्या संस्थेने १९३५ साली राष्ट्रीय चित्रपट ग्रंथालय सुरू केले आणि अर्नेस्ट लिंडग्रेन त्याचे पहिले अभिरक्षक झाले. लिंडग्रेन यांच्याविषयी मला फार आदर आहे. फिल्म हे शास्त्रीय पद्धतीने, प्रत न झिजवता जपण्याचे माध्यम आहे हे त्यांनी जगाला शिकवले. मात्र काय ठेवायचे याची निवड समित्यांनी करावी, हे त्यांचे धोरण होते; आणि त्या काळातील प्रतिष्ठित समित्यांच्या नजरेत फुटाला पौंड दराने बनलेल्या गुन्हेपटाला काय स्थान मिळाले असेल, याची कल्पना करता येते. त्याच वेळी पॅरिसमध्ये सिनेमातेक या फ्रेंच चित्रसंग्रहाचे संस्थापक आंरी लांग्लवा मिळेल ते सगळे गोळा करत होते. त्यांची जपणूक ढिसाळ होती, पण भूमिका उदार होती.

आमच्या पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले. ते घडवणारे पी. के. नायर यांनी लांग्लवा यांचाच मार्ग धरला: चांगला-वाईट ठरवणे हे संग्रहालयाचे काम नाही, जे सापडेल ते आधी वाचवावे. त्यांनी हे धोरण धरले तेव्हा फार उशीर झाला होता. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा, त्याची एकही प्रत आज माहीत नाही. २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटवरची जुनी रिळे जळाली. हे मी कोणावर दोष ठेवण्यासाठी सांगत नाही. गमावणे म्हणजे काय असते हे जाणणाऱ्या गावातून हे पत्र येत आहे, एवढे आपल्या लक्षात यावे.

आपल्या संग्रहाने २०१० साली हरवलेल्या ७५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली आणि जगभरच्या लोकांना त्यांचा शोध घेण्याचे आवाहन केले. तो उपक्रम अत्यंत मोलाचा होता. त्या यादीत पुढे विख्यात झालेले दिग्दर्शक मायकल पॉवेल यांचा १९३१ चा 'टू क्राउडेड अवर्स' आहे, ट्विकनहॅमचा १९३२ चा होम्सपट 'द मिसिंग रेम्ब्राँ' आहे. यादीतील काही चित्रपट नंतर सापडले. जॉर्ज पिअर्सन यांचा 'लव्ह, लाइफ अँड लाफ्टर' हा १९२३ चा मूकपट २०१४ साली नेदरलँड्समध्ये मिळाला. नाव जाहीर केले की माणसे शोधतात, हे यातून सिद्ध झाले. पण कोणाची नावे जाहीर झाली पाहा: सर्वांत वर हिचकॉक, मग पॉवेल, मग होम्स. पॉवेल यांचे पहिले चित्रपट शोधावेत, यात वादच नाही. त्याच वर्षी, त्याच वितरकासाठी, त्याच दराने ज्यांनी चित्रपट केले आणि पुढे ज्यांना पॉवेल होता आले नाही, त्यांच्या कामाचा शोध घ्यायला मात्र कोणी सांगितलेले नाही. दिग्दर्शक लेस्ली हिस्कॉट यांनी ट्विकनहॅमसाठी वर्षाकाठी कितीतरी चित्रपट केले. होम्स आणि प्वारो सोडले, तर त्यांतील गुन्हेपटांची नावे तरी किती जणांना ठाऊक असतील?

इथे मला आपल्याच देशातील एक उदाहरण द्यायचे आहे, कारण ते अगदी जवळचे आहे. ब्रिटिश लायब्ररीने गेल्या काही वर्षांत त्याच काळातील विस्मृतीत गेलेल्या रहस्यकादंबऱ्या एका मालिकेत पुन्हा छापल्या. प्रसिद्ध नावांच्या मागे न लागता त्यांनी मागच्या रांगेतले लेखक निवडले. २०१४ साली या मालिकेत जे. जेफरसन फार्जन यांची १९३७ ची 'मिस्टरी इन व्हाइट' आली आणि त्या नाताळात तिने विक्रीत भल्याभल्यांना मागे टाकले. हे फार्जन म्हणजे 'द घोस्ट कॅमेरा'चे मूळ कथाकार. म्हणजे ज्या लेखकाचे पुस्तक नव्याने, सुंदर वेष्टनात, अभ्यासपूर्ण प्रस्तावनेसह ब्रिटनच्या दुकानादुकानांत मिळते, त्याच लेखकाच्या कथेवरचा चित्रपट मी पाहिला तो धूसर, कडा कापलेल्या आणि आवाजात सतत खरखर असलेल्या प्रतीवर. डार्करूमच्या दृश्यात कृष्णधवल छटांवर सगळा खेळ आहे, आणि त्या प्रतीत काळा आणि करडा यांतला फरकच उरलेला नव्हता. वाचकाला मागच्या रांगेतले लेखक हवे असतात हे आपल्या शेजारच्या संस्थेने दाखवून दिले आहे. प्रेक्षकाला मागच्या रांगेतले चित्रपट नको आहेत, असे आपण कशावरून ठरवावे?

या विषयात आम्हा भारतीयांचा संबंध काय, असे कोणी विचारील, म्हणून तेही सांगतो. १९२७ च्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे साम्राज्यात बनलेला चित्रपट हा ब्रिटिश चित्रपटच होता, त्यात भारत आला. त्याच वर्षी भारतात दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमॅटोग्राफ समिती नेमली गेली. साम्राज्यातील चित्रपटांना इथे प्राधान्य द्यावे का, हा तिच्यापुढचा एक मुख्य प्रश्न होता. नाशिकच्या दादासाहेब फाळके यांनीही या समितीपुढे आपले म्हणणे मांडले. समितीने साम्राज्याला झुकते माप देणे नाकारले. अमेरिकन चित्रपटांचा अतिरेक घातक असेल तर इतर पाश्चात्त्य चित्रपटांचा अतिरेकही तितकाच घातक, अशी तिची स्वच्छ भूमिका होती, आणि उलट भारतीय चित्रपटांसाठीच राखीव प्रमाणाची शिफारस तिने केली. सरकारने तो अहवाल बाजूला ठेवला. म्हणजे लंडनमध्ये ज्या धोरणातून हे स्वस्त गुन्हेपट जन्मले, त्याच धोरणाचा दुसरा हात मुंबईपर्यंत पोहोचला होता, आणि त्या काळातील ब्रिटिश चित्रपट हा आमच्याही चित्रपट-इतिहासाच्या कागदपत्रांचा भाग आहे.

दुसरे कारण शोधाचे आहे. चित्रपट कुठे सापडेल हे सांगता येत नाही. ग्रॅहम कट्स यांचा 'द व्हाइट शॅडो', ज्यावर तरुण हिचकॉक यांनी काम केले होते, त्याची काही रिळे २०११ साली न्यूझीलंडमधील संग्रहात ओळखू आली. आमचा 'बिल्वमंगल', १९१९ चा, त्याचा उरलेला भाग पॅरिसच्या सिनेमातेकमध्ये होता आणि २०१६ साली तो पुण्याला परत मिळाला. ज्या देशांत ब्रिटिश चित्रपट दाखवले जात, त्या देशांतील जुन्या वितरकांची गोदामे, बंद पडलेली चित्रपटगृहे, लष्करी छावण्यांतील क्लब, खासगी संग्राहकांच्या पेट्या इथे हे गुन्हेपट असू शकतात. पण काय शोधायचे हेच माहीत नसेल, तर डब्यावरचे पुसट इंग्रजी नाव वाचून कोणी थांबणार नाही. हिचकॉक लिहिले असेल तर थांबेल. हिस्कॉट लिहिले असेल तर डबा भंगारात जाईल.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती अशी की, १९२८ ते १९३८ या काळात ब्रिटनमध्ये नोंदल्या गेलेल्या प्रत्येक गुन्हेपटाची स्थिती सांगणारी एक सार्वजनिक यादी आपण एका ठिकाणी प्रसिद्ध करावी. आपल्या शोधसूचीत नावे, साले, कलावंत मिळतात, ते काम थोर आहे. मी मागतो आहे ते त्यापुढचे, सामान्य माणसाला कळेल असे: या चित्रपटाचे मूळ निगेटिव्ह आहे की नाही, नायट्रेट प्रत आहे का, सुरक्षित फिल्मवर उतरवलेली प्रत आहे का, पूर्ण आहे की रिळे गहाळ आहेत, की काहीच उरलेले नाही. काहीच उरलेले नाही, ही नोंदही फार महत्त्वाची आहे. त्यासोबत चित्रपटाची परदेशात वापरलेली पर्यायी नावे द्यावीत. वॉन्टनर यांचा पहिला होम्सपट 'द स्लीपिंग कार्डिनल' अमेरिकेत वेगळ्याच नावाने दाखवला गेला होता, आणि अशी अदलाबदल माहीत नसल्यानेच चित्रपट समोर असून ओळखले जात नाहीत.

दुसरी विनंती डिजिटल प्रतींविषयी आहे. ज्या गुन्हेपटांच्या प्रती आपल्याकडे आहेत, त्यांच्या पुनरुज्जीवनाची वाट पाहत बसू नये, असे मला कळकळीने वाटते. पूर्ण पुनरुज्जीवन महाग असते, त्यासाठी प्रायोजक लागतो, आणि प्रायोजक पुन्हा प्रसिद्ध नावाकडेच जातो. ते ज्या चित्रपटांना मिळेल त्यांना मिळो. बाकीच्यांची, ओरखडे आणि खरखर आहे तशी ठेवून, उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या प्रतीवरून साधी, स्वच्छ डिजिटल प्रत काढावी. राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून आपण २०१३ नंतरच्या काही वर्षांत १० हजार चित्रपट आणि चित्रफिती डिजिटल करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि गावोगावचे घरगुती, हौशी चित्रणही लोकांसमोर आणले. ज्या संस्थेला एखाद्या गावच्या जत्रेच्या चित्रणाचे मोल कळले, तिला साठ मिनिटांच्या गुन्हेपटाचे मोल पटवून द्यावे लागू नये.

हक्कांचा प्रश्न खरा आहे, तो मी हलका लेखत नाही. कंपनी बुडालेली, वितरकाचे वारस विखुरलेले, अशा स्थितीत परवानगी कोणाकडून घ्यायची हे कळत नाही. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर सांस्कृतिक संस्थांना अनाथ कृतींसाठी, म्हणजे ज्यांचे हक्कधारक सापडत नाहीत अशा कृतींसाठी, असलेली सवलत ब्रिटनमध्ये संपली. अशा कृतींसाठी २०१४ पासूनची परवाना योजना चालू असली, तरी तिचा परवाना ब्रिटनच्या हद्दीपुरताच आहे. त्यामुळे हे चित्रपट ब्रिटनबाहेर दाखवणे आणखी अवघड झाले आहे, आणि आपला ऑनलाइन मंचही मुख्यतः ब्रिटनमधील प्रेक्षकांसाठीच आहे. हे बदलायचे तर कायदा बदलावा लागेल आणि ते काम संसदेचे आहे. परंतु संसदेपुढे हा विषय अधिकाराने मांडू शकणारी संस्था आपलीच आहे. तोवर निदान अभ्यासकांना, फिल्म सोसायट्यांना आणि परदेशातील सार्वजनिक संग्रहालयांना मर्यादित, विनामूल्य प्रदर्शनासाठी या प्रती मिळण्याची एखादी वाट काढता येईल का, याचा विचार व्हावा. पुण्याच्या संग्रहालयाशी असा करार झाला, तर दोन्ही बाजूंना लाभ होईल, कारण इथे साठवलेल्या अनोळखी परदेशी रिळांची आपल्या यादीशी पडताळणीही त्यातच करता येईल.

हे सगळे एकदम करणे शक्य नाही हे मी जाणतो. वॉरिकशायरमधील गेडन येथे शून्याखालच्या तापमानात, कोरड्या हवेत आपण जी फिल्म सांभाळता, ती सांभाळण्यातच मोठा खर्च होतो, आणि मनुष्यबळ नेहमीच अपुरे असते. म्हणून सुरुवात एका स्टुडिओपासून करावी, अशी माझी सूचना आहे, आणि तो स्टुडिओ ट्विकनहॅम असावा. हेगन यांच्या हाती तो १९२९ पासून १९३७ पर्यंत होता, म्हणजे काळाची हद्द स्पष्ट आहे. निर्माता एक, बहुतेक पटकथा एच. फाउलर मिअर यांच्या, तंत्रज्ञांचा संचही बराचसा तोच; त्यामुळे एका चित्रपटाची माहिती दुसऱ्याची ओळख पटवायला उपयोगी पडते. व्यापारी नियतकालिकांतील त्या काळची परीक्षणे आपल्याच ग्रंथालयात आहेत. व्होरहाउस, हिस्कॉट, हेन्री एडवर्ड्स अशा दिग्दर्शकांचे काम एकाच छताखाली शेजारी ठेवून पाहता येईल, आणि कोणी किती अडचणीतून काय काढले याचा न्याय प्रथमच पुराव्यावर होईल. यात कदाचित बहुतेक चित्रपट सुमारच ठरतील. ठरू देत, ते पाहून ठरावेत, न पाहता नव्हे.

ट्विकनहॅमची यादी अपूर्ण अवस्थेत प्रसिद्ध झाली तरी चालेल. रिकाम्या रकान्यांनीच शोध सुरू होतो. ती प्रसिद्ध झाल्यास तिचे मराठीत रूपांतर करून महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्या, जुने वितरक आणि खासगी संग्राहक यांच्यापर्यंत ती पोहोचवण्याची, तसेच इथून मिळालेली प्रत्येक माहिती, ती कितीही किरकोळ असली तरी, आपल्याकडे लेखी पाठवण्याची जबाबदारी मी आणि माझे स्नेही आनंदाने घेऊ. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला विश्वासू,
जुन्या गुन्हेपटांचा एक मराठी प्रेक्षक
पुणे